आरशातली डावरी

मी टाइपिंग शिकवतो. शिकवत होतो म्हणा हवं तर. आता संगणक आले आणि त्यांच्यावर सगळी माणसं दोन बोटांनी, कोंबडीने दाणे टिपावेत तशी टिपत बसतात, आणि वर मलाच विचारतात, काय मास्तर, अजून चालतो का वर्ग? चालतो. चार टाळकी येतात, पण चालतो. माझा वर्ग पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली सलून. त्यामुळे माझी दाढी मी स्वतः फारशी कधी केलीच नाही. ज्या मुलीबद्दल सांगणार आहे तिला मी त्या सलूनच्या बाकावर पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आता तिच्या कानांजवळ पांढरे केस दिसायला लागलेत. अख्खी गल्ली तिला डावरी म्हणते. ती डावरी नाही. लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने, भांडताना बोट नाचवते तेही उजवंच. पण वस्तरा आणि कात्री मात्र डाव्या हातात.

तिची आई ती लहान असतानाच गेली. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून बाप तिला शाळा सुटली की दुकानात आणून बसवायचा. दुकान म्हणजे एकच खोली. समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, त्याच्यापुढे एक फिरती खुर्ची, आणि मागच्या भिंतीला टेकून गिऱ्हाइकांचा बाक. पोरगी त्या बाकाच्या कोपऱ्यात. "कशाला हात लावायचा नाही," अशी बापाची सक्त ताकीद, म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. बाप माझा मित्र, पण अंगाने असा आडवा की तो खुर्चीमागे उभा राहिला की गिऱ्हाईक दिसेनासं व्हायचं. तिला बापाची फक्त पाठ दिसायची. हात बघायचे तर आरशातच बघायचे.

मी एकदा तिला विचारलं होतं, "कंटाळा नाही का गं येत तुला?"

"मी पण करते ना दाढी," ती म्हणाली.

"कुणाची?"

"तुमचीच. आत्ता केली की. मनात."

मी हसलो. पोरं काहीही बोलतात.

शाळेतून जरा मोकळी झाली तेव्हा बापाने तिच्या हातात पहिल्यांदा वस्तरा दिला. या धंद्यात नवशिक्याला आधी फुग्यावर बसवतात. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा, आणि फुगा न फोडता फेस काढायचा. बरेचजण फुग्यांची पुडकीच्या पुडकी फोडतात. मी त्या दिवशी खुर्चीत बसून गंमत बघत होतो. पोरीने वस्तरा घेतला, डाव्या हातात धरला आणि सरसर सगळा फेस काढून फुगा बापाच्या हातात दिला. आयुष्यात कधी वस्तरा न धरलेली पोर! गिऱ्हाइकं टाळ्या पिटायला लागली. बाप म्हणाला, "अगं, पण उजव्या हाताने कर की." तिने वस्तरा उजव्या हातात घेतला आणि पहिल्याच फटक्यात फाट्कन आवाज. फेस माझ्या चष्म्यावर.

बापाने फुगा दिला, तिने फोडला. पुन्हा दिला, पुन्हा फोडला. डाव्या हातात दिला की फुगा शाबूत. बाप डोकं खाजवत बसला, घराण्यात कोणी डावखुरं नाही म्हणाला. उलगडा मलाच झाला, कारण माझा धंदाच हा आहे. मी पोरांना आधी टाइपरायटरला हातच लावू देत नाही. डोळे मिटायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि मनात टाइप करायचं. मनात घोटलेलं बोटांत उतरतं, हे मी हजारदा पाहिलंय. या पोरीने वर्षानुवर्षं, हात मांडीखाली दाबून, त्या दुकानातल्या एकूण एक माणसाची दाढी केली होती. फक्त ज्याच्याकडून शिकली तो बाप नव्हता. आरशातला होता. आणि आरशातला माणूस डावरा असतो.

मी हे बापाला समजावून सांगितलं. तो पोट धरधरून हसला. म्हणाला, "म्हणजे मास्तर, तिथे आत अजून एक न्हावी आहे आणि त्याने माझं गिऱ्हाईक नाही, पोरगीच पळवली." मग पोरीकडे वळला. "असू दे. चालतोय ना हात? चालू दे."

चालला. ती बापाचा उजवा हात झाली, डाव्या हाताने. जी दाढी करताना नवे पोरगे घामाघूम होतात, ती तिच्यासाठी अक्षरशः डाव्या हाताचा मळ. फक्त कात्री त्रास द्यायची. कात्र्या उजव्या हातासाठी बनवलेल्या असतात, डाव्या हातात धरल्या की पाती एकमेकांपासून फाकतात आणि केस चिमटतात. म्हणून ती अंगठा उलटा रेटून कात्री चालवायची. त्या अंगठ्याच्या मुळाशी तिला घट्टा पडला.

वय वाढलं तशी तिची म्हणून एक पद्धत झाली. बापाचा वस्तरा गालावरून लांबलचक खाली यायचा, गळ्याशी पोचण्याआधी तो हनुवटीवर ओल्या बोटाने दोन टिचक्या मारायचा. ती आखूड आखूड, मनगट उचलून हात चालवायला लागली. केस कोरडेच कापायची. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे गिऱ्हाइकाची खुर्ची ती आरशाकडे पाठ करून, रस्त्याकडे फिरवायची. काम संपेपर्यंत स्वतःला बघायचं नाही.

"हे सलून आहे की बसस्टॉप?" बाप ओरडायचा.

"बाबा, आरशात बघत बसतात आणि मान हलवतात. रस्त्याकडे बघू दे त्यांना."

तो कुरकुरायचा, पण बायकाही केस कापायला यायला लागल्या होत्या, त्यांना हे आवडायचं. मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत सलूनची मालकीण एकदा कुणाचे तरी केस बघून तिला शोधत आली. "हा हात कुणाचा?" तिने विचारलं. डावरीने हात वर केला, वर्गात करतात तसा. मालकिणीने तिला खुर्ची देऊ केली. डावरी विचार करते म्हणाली, आणि आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. बापालाही मनातून बरं वाटलं होतं. मला येऊन सांगून गेला, तिला नाही सांगितलं.

आणि मग बापाला झटका आला. दुकानातच. एका म्हाताऱ्याचे कल्ले कापत असताना कात्री खाली पडली. त्याने खाली बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग तोही पडला.

जीव वाचला. बोलणं थोडं जड झालं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला. घरी व्यायाम शिकवायला एक तरुण बाई यायची. हुशार होती. तिने सांगितलं, हात मेला नाही, डोकं त्याला विसरलंय. नुसतं रेटून उपयोग नाही. दुसरं कुणी ते काम करताना नीट बघा, आणि बघताना मनात तोच हात तुम्ही हलवताय असं धरा. तिने दोन हातांच्या मधे आरसाही उभा करून दाखवला, चांगला हात हलवला की आरशात दुखरा हात हलल्यासारखा दिसतो.

"बाई, जन्मभर आरसाच बघत आलोय," बाप म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. उभं राहवत नव्हतं, म्हणून बाकावर बसला. कोपऱ्यात, जिथे ती बसायची तिथे. खुर्चीत मी होतो. त्याला आरशात नीट दिसावं म्हणून डावरीने खुर्ची त्या दिवशी रस्त्याकडे फिरवली नाही. तिने माझ्या गालावर वस्तरा ठेवला आणि मागून एक आवाज आला. रडण्याचा नव्हे, हसण्याचाही नव्हे. मी आरशात पाहिलं. बाप पुढे वाकून, डोळे फाडून, आरशाकडे बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तो बघ. माझा हात."

ते खरं होतं. तिचा डावा हात आरशात उजवा झाला होता. तीच पकड, करंगळी तशीच वर उचललेली. लहानपणी तिने आरशातून उचललेला बापाचा उजवा हात, आरशात शिरून परत उजवा झाला होता आणि तिथे आत, माझ्या गालाशी, जिवंत होता. बाहेरचा मात्र बापाच्या मांडीवर पालथा पडलेला.

त्या दिवसापासून तो रोज येऊन बसायचा. आणि गुण आला, हे मला कबूल करायला हवं. आधी बोटं फडफडली. मग मूठ वळली. पुढे त्याने कप धरला. व्यायामवाली बाई खूश झाली, मीही पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. फक्त एक अट होती, आणि ती बाईंची नव्हती, बापाची होती. डावरीने सगळं त्याच्यासारखंच करायचं. तिने मनगट उचललं की तो बाकावरून तिची बिनपाण्याने करायचा. "असं नाही! माझा हात असं करत नाही! लांब घे, लांब!" गिऱ्हाइकांदेखत. तिने आपलं काही केलं की त्याच्या डोक्यातला हात तुटायचा, आणि मग तो लहान मुलासारखा कावराबावरा व्हायचा. त्याचे डोळे बघितले की कुणालाही राग धरवला नसता.

मग तिने आपलं सगळं सोडलं. खुर्ची आरशाकडे. हात लांब. हनुवटीवर दोन टिचक्या. चकचकीत सलूनच्या मालकिणीला सांगितलं, बाबा बरे होऊ देत, मग येते. बापाचा उजवा खांदा उतरलेला असायचा, तर तिचा डावा उतरला. बापासारखी ती नाकातून 'हं' करायला लागली, वरच्या ओठाशी आली की. मी डोळे मिटून बसायचो आणि बापाशी गप्पा मारायचो, अगदी पूर्वीसारख्या, वस्तरा चालवणाऱ्या माणसाशी. आणि उत्तर मागून, बाकावरून आलं की दचकायचो. एकदा मी तिला हळूच म्हटलं, "तुझं तुझं काय ते विसरू नकोस हं." ती म्हणाली, "काका, त्यांनी आज बटण लावलं स्वतःचं."

तो गेला तोही त्याच बाकावर. खुर्चीत कुणी दुसरा होता, मी तेव्हा वर वर्गात होतो. खाली धावत गेलो तेव्हा त्याचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं आणि उजवा हात मांडीवर, बोटं वळलेली, वस्तरा धरावा तशी. गिऱ्हाईक गुळगुळीत चेहऱ्याने दारात उभं होतं. डावरी मला नंतर म्हणाली, "काका, मला आरशात दिसलं. बाबांची मान पडलेली दिसली. मी थांबले." मग तिने डावा हात उघडून बघितला. "मी थांबले, पण हात नाही थांबला. त्याने दाढी पूर्ण केली."

महिना-दोन महिन्यांनी ती मोठ्या रस्त्यावर गेली. मालकिणीने शब्द पाळला होता, एका मुलीचे केस कापायला दिले. परत आली ती थेट वर, माझ्या वर्गात. एरवी ती जिना चढून कधी यायची नाही.

"काय झालं?"

"कापले," ती म्हणाली. "आणि ती पोरगी आरशात बघून रडायला लागली. काका, मी तिला हेडक्लार्क करून टाकलं. बाबांचा कट. भांग, कल्ले, सगळं. मी मनात दुसरंच धरलं होतं." ती बाकड्यावर बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. "तुम्ही दोन बोटांनी टाइप करणाऱ्यांची सवय मोडता ना? माझी मोडा."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. सवयी मोडण्यात माझा हातखंडा. पहिला उपाय सोपा वाटला, उजव्या हाताने सुरुवात कर, नवा हात, नवी सवय. खाली गेलो. मी खुर्चीत बसलो, तिने उजव्या हातात वस्तरा घेतला, आरशात बघितलं आणि किंचाळली. वस्तरा फरशीवर वाजला. तिला काय दिसलं ते मला कळायला वेळ लागला. डाव्या हाताने केलं की आरशात बाप दिसायचा. पण उजव्या हाताने केलं तर आरशात अगदी तेच दिसत होतं, जे लहानपणी बाकावरून तिला दिसायचं, आरशातला डावरा बाप. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत तोच उभा. मी तिला पाणी दिलं आणि मीही प्यायलो.

मग मी तिला वर नेलं. खिडकी लावली, टाइपरायटरवर टाकतो ते फडकं तिच्या हातांवर टाकलं. "डोळे मीट. मनात केस काप." ती कापत असावी. भुवया हलत होत्या. "कोण कापतंय?"

"बाबा."

"पुन्हा."

"बाबाच. दिसतात ना, काका. मी काय करू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिकवताना मी पोरांना दोन गोष्टी वेगळ्या करायला लावतो. एक, आपले हात बाहेरून बघणं. दुसरं, आतून जाणवणं. बाहेरून बघणारा कायम दुसऱ्याचाच हात बघतो. मी म्हटलं, "बघू नकोस. काही दिसायला नको. हाताला काय लागतंय ते सांग."

तिने फडक्याखाली बोटं हलवली. मग म्हणाली, "कात्री गार आहे."

"अजून?"

"केस दाट आहेत, पाती फाकतायत." मग तिचा चेहरा बदलला. "अंगठा दुखतोय."

"कुठे?"

"मुळाशी. घट्ट्याखाली. रेटावं लागतं ना उलटं, तिथे." तिने डोळे उघडले. "काका, हे बाबांना कधी दुखलं नसेल."

"नसेल," मी म्हटलं. "त्याची कात्री त्याच्या हाताची होती."

मग आम्ही तिथूनच सुरुवात केली. वर्ग सुटला की ती यायची, फडक्याखाली हात ठेवून बसायची आणि त्या दुखऱ्या जागेपासून मनात केस कापायची. बाप दिसला की थांबायची, पुन्हा अंगठ्याकडे जायची. मी तिच्यावर ओरडलो, ती माझ्यावर ओरडली, एकदा फडकं माझ्या तोंडावर फेकून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी आली. कधी कधी बसल्या बसल्या ती दारात कोणी आल्यासारखी वळून बघायची, आणि खरं सांगतो, मीही बघायचो.

मग एका सकाळी ती म्हणाली, "खाली चला."

तिने खुर्ची रस्त्याकडे फिरवली. फेस लावला. मी समोरून जाणारी माणसं बघत बसलो. वस्तरा टेकला. आखूड, हलका. मनगट उचललं, पुन्हा टेकला. बापाचा एकही लांब हात नाही. गळ्याशी आली, टिचकी मारली नाही, सरळ गेली. जबड्याच्या त्या अवघड वळणावरून अशी अलगद गेली की मला कळलंही नाही. मी खूश होऊन "वा!" म्हणणार, इतक्यात माझ्या मानेवर काहीतरी गरम पडलं. पाणी नव्हतं. ती वस्तरा बाजूला धरून, माझ्या डोक्यावर कपाळ टेकून हुंदके देत होती.

"अगं, झालं काय? जमलं की!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "आत्ता गेले बाबा. इतके दिवस होते."

मी तसाच बसून राहिलो, अर्ध्या गालाला फेस. रस्त्यावरचा एकजण आत डोकावून निघून गेला.

त्यानंतर मला पडसं झालं, आठवडाभर मी खाली गेलो नाही. गेलो तेव्हा दाढी चांगलीच वाढली होती. दुकान तसंच होतं. तिने खुर्ची झटकली, मला बसवलं, टॉवेल गळ्याशी खोचला. खुर्ची अजून कुठेच फिरवली नव्हती. हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून तिने विचारलं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा विचारावं इतक्या साधेपणाने विचारलं:

"काका, माझ्या हातची की बाबांच्या?"

तुझ्या हातची, असं मी म्हणणार होतो. देवाशपथ म्हणणार होतो. तिच्यासाठी मी इतकं घसा फोडून ओरडलो होतो, मी नाही म्हणणार तर कोण म्हणणार? पण माझा मित्र मला इतक्या दिवसांत भेटला नव्हता.

"बाबांच्या," मी म्हटलं.

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली, आणि तिने खुर्ची आरशाकडे वळवली.